मराठी कादंबरीतले नवरे का मरतात?

15 वर्षांपूर्वी माझी पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या शेवटून दुसऱ्या प्रकरणात नायिकेच्या नवऱ्याची मोटार मी घाटात दरीत ढकलून दिली. नवरा वाईट होता, नायिका गुणी होती, आणि तिला मोकळे करण्याचा दुसरा मार्ग मला सुचला नव्हता. परीक्षणकर्त्यांपैकी कोणीही या खुनाबद्दल मला जाब विचारला नाही. विचारला तो एका वाचक बाईंनी. देशावरच्या एका गावाहून त्यांचे पत्र आले : ‘‘गुरुजी, कादंबरी आवडली. माझे यजमान धडधाकट आहेत. त्यांनी दुसरा संसार थाटला आहे आणि ते घाटाने जात नाहीत. तर मी काय करावे?’’

फराळाची ताटे समोर असताना घटस्फोटाचा विषय काढणे काही वाचकांना रुचणार नाही. पण दिवाळीला लेकी माहेरी येतात, आणि भाऊबीज उलटून तुळशीचे लग्न लागले तरी त्यांतली एखादी परत जात नाही. शेजारपाजारची माणसे तिच्याविषयी विचारायचे थांबतात. तिच्याविषयी आपल्या ललित वाङ्मयाने काय लिहिले, एवढाच माझा प्रश्न आहे.

देवलांच्या ‘शारदा’पासून पाहू. 1899 चे नाटक. म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या तावडीतून शारदा सुटते ती वधूवर सगोत्र निघाले म्हणून, आणि तीही लग्नविधी पुरा होण्याच्या आत. सप्तपदी होऊन गेली असती तर देवलांपाशी उपाय काय होता? पुढे 1937 साली शांतारामबापूंचा ‘कुंकू’ आला. त्याला आधार होता ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीचा. इथे लग्न झालेले आहे, नीरा ते मानायला तयार नाही, आणि तिला मोकळी करण्यासाठी अखेर काकासाहेब आत्महत्या करतात. गंमत अशी, की हे काकासाहेब स्वतः वकील आहेत! परंतु त्यात आपट्यांचा किंवा शांतारामबापूंचा दोष नाही. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात 1931 पासून हिंदू घटस्फोटाचा कायदा होता. मुंबई इलाख्यात तो यायला 1947 उजाडले. कायद्याने दार ठेवले नव्हते, म्हणून लेखकाने भिंत फोडली. विभावरी शिरूरकरांनी ‘हिंदोळ्यावर’मध्ये, 1934 साली, या भिंतीशी अधिक धीटपणे टक्कर घेतली, आणि त्याबद्दल त्यांना पुष्कळ ऐकून घ्यावे लागले.

पण 1955 नंतर? हिंदू विवाह कायदा आला. 1976 च्या दुरुस्तीने परस्परसंमतीने वेगळे होण्याचीही सोय झाली. तरी आमचे नवरे मरतच राहिले. 1982 च्या ‘उंबरठा’मध्ये (मूळ कादंबरी शांता निसळांची ‘बेघर’) नवरा जिवंत राहतो आणि बायको घर सोडते, ही मोठीच मजल. पण तिथेही गाडी सुटते आणि चित्र संपते. कोर्टाची तारीख, पोटगीची रक्कम, माहेरच्या माणसांचे चेहरे, हे सारे पडद्याबाहेरच राहते.

याहून मोठा दोष वेगळाच आहे. भिंत होती असे मी म्हटले, ती कोणाच्या घराला? मराठी मुलखातल्या कितीतरी जातींत काडीमोड पूर्वापार चालत आलेली होती. पंचांसमोर काडी मोडायची, सोडचिठ्ठी द्यायची, पुढे बाईने पाट लावायचा. आर्थर स्टील या इंग्रज अंमलदाराने दख्खनच्या जातींचे रिवाज गोळा करून 1827 साली छापले, त्यांत हे सारे नोंदलेले आहे. 1876 साली मुंबई उच्च न्यायालयाने, नवऱ्याच्या संमतीवाचून जातीने बायकोला दिलेली मोकळीक मानायला नकार दिला. म्हणजे ज्या घरांना दार होते तिथेही साहेबाने अडसर घातला. (1955 च्या कायद्याने रूढीचा काडीमोड पुन्हा राखून ठेवला, हे पुष्कळ सुशिक्षितांना ठाऊक नसते.) ही पंचायत म्हणजे स्त्रियांचा स्वर्ग होता असे मात्र कोणी समजू नये. पंच पुरुष, दंड बाईच्या बापाला, आणि मूल बहुधा नवऱ्याकडे. पण दार होते. आम्ही पांढरपेशे लेखक आमच्याच वाड्यात बसून ‘हिंदू समाजात घटस्फोट नव्हताच’ असे लिहीत राहिलो आणि त्या वाड्यालाच महाराष्ट्र समजलो.

म्हणून दरवर्षी लग्नसराईत ‘घटस्फोट वाढले, संस्कृती बुडाली’ असे लेख येतात तेव्हा मी आकड्यांकडे वळतो. 2011 च्या जनगणनेत सबंध देशात घटस्फोटित माणसे सुमारे 13 लाख 60 हजार भरली. विवाहितांच्या मानाने शेकडा पाव टक्काही नाही. अभिमानाने मान डोलवण्यापूर्वी शेजारचा रकाना पाहावा. घटस्फोट न घेता वेगळी राहणारी माणसे 35 लाखांवर आहेत. त्यांत स्त्रिया 23 लाखांहून अधिक आणि पुरुष त्यांच्या निम्मे. उरलेले पुरुष गेले कुठे? काहींनी दुसरे लग्न केले, काहींनी शिरगणतीवाल्याला ‘विवाहित’ म्हणून सांगितले. बायकोला तसे सांगता आले नाही.

प्रांताप्रांतांतला फरक तर आणखी बोलका आहे. मिझोराममध्ये घटस्फोटितांचे प्रमाण विवाहितांच्या 4 टक्क्यांवर गेले. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान इथे ते अगदी अल्प. तिकडचे संसार अधिक गोडीचे म्हणून? इरावतीबाई कर्व्यांनी 1953 च्या आपल्या नातेव्यवस्थेवरील ग्रंथात उत्तर आणि दक्षिण यांतला भेद दाखवला आहे. उत्तरेत मुलगी परक्या, दूरच्या गावी द्यायची. दक्षिणेत ती नात्यातच पडते, सासू ही आत्या असते. आपण दोहोंच्या मध्ये, मामाची मुलगी करणारे. दूर दिलेल्या मुलीला परतीची वाट लांब. हाती मजुरी नाही, नावावर जमीन नाही आणि बाप म्हणतो, आता तेच तुझे घर. अशा ठिकाणी घटस्फोटाचा आकडा लहानच राहणार. मिझो स्त्री बाजारात दुकान मांडून बसते, आणि तिच्या जमातीच्या रूढीने काडीमोडाला फार पूर्वीपासून जागा ठेवली आहे. तेव्हा या आकड्यावरून संसारातले सुख मोजू नये. बाईच्या पायाखाली किती जमीन आहे, एवढे मात्र त्यातून बरेच कळते.

या जमिनीविषयी आमच्या कादंबऱ्या गप्प आहेत. नायिकेचे मन आम्ही पन्नास पाने रंगवतो. ती माहेरी आली तर भावाने कोणती खोली दिली, वहिनीने रॉकेल आणि दूध यांचा हिशेब कसा मागितला, हे आम्ही लिहीत नाही. घाटातली मोटार लिहायला सोपी.

त्या बाईंच्या पत्राला मी उत्तर दिले, पण दोन महिन्यांनी. आधी कायदा विचारून घ्यावा लागला. नवऱ्याने दोन वर्षे टाकले असेल तर घटस्फोट मागता येतो, पोटगी मागता येते, स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, असे सारे व्यवस्थित लिहिले. त्यांचे उलट टपाली कार्ड आले. आभार मानले होते. खाली दोनच ओळी : ‘‘थोरलीचे लग्न व्हायचे आहे. पत्रिकेवर माझ्या नावामागे सौ. हवे. धाकटीचे झाले की पाहीन.’’

सध्या लिहीत असलेल्या कादंबरीत मी नवरा जिवंत ठेवला आहे. चौदाव्या प्रकरणात बायको माहेरच्या दारात, हातात पिशवी घेऊन उभी आहे आणि भाऊ अजून कामावरून यायचा आहे. दोन वर्षे झाली, तिला घरात घ्यावे कसे ते मला लिहिता आलेले नाही.