‘आयुष्य १०० वर्षे’ : एका दाव्याची तपासणी

कोऱ्या सीडीच्या वेष्टनावर ‘आयुष्य १०० वर्षे’ असे छापलेले अनेकांनी पाहिले असेल. असाच दावा असलेल्या सीडीवर मी २००४ साली एका अभ्यासदौऱ्याची छायाचित्रे साठवली. २०१३ मध्ये त्यांतील निम्मी उघडेनात. मग दावा खोटा होता का? तसे म्हणता येत नाही. तो अपुरा होता आणि हा अपुरेपणा विज्ञानशिक्षकांनी समजून घ्यावा असा आहे.

लिहिण्याजोग्या सीडीत सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लेसरच्या उष्णतेने त्यावर खुणा उमटतात; याच खुणांत आपले छायाचित्र साठवलेले असते. प्रकाश, उष्णता व दमटपणा यांमुळे हे रंगद्रव्य हळूहळू बिघडते. चाचणीसाठी १०० वर्षे कोण थांबणार? म्हणून तबकड्या ८० अंश सेल्सिअससारख्या तापमानांना दमट हवेत ठेवतात आणि अऱ्हेनियसच्या समीकरणाने नेहमीच्या तापमानातील आयुष्य काढतात.

खरी मेख येथे आहे. समजा, ८० अंशांना तबकडी १,००० तास टिकली. दर १० अंशांमागे बिघाडाचा वेग दुप्पट होतो असे धरले, तर २५ अंशांना ती सुमारे ५ वर्षे टिकेल. वेग तिप्पट होतो असे धरले, तर सुमारे ४८ वर्षे! निरीक्षण तेच, बदलले ते फक्त गृहीतक. प्रत्यक्षात हा गुणक अनेक तापमानांच्या चाचण्यांतून काढतात हे खरे. तरी आलेखाची रेषा चाचणीच्या टप्प्याबाहेर वाढवावीच लागते. शिवाय उत्तर थंड, कोरड्या जागेसाठी असते. कोकणातील पावसाळ्यासाठी नव्हे.

दुसरा धोका अधिक फसवा आहे. कागदावरचे छायाचित्र फिकट होताना दिसते. सीडीतील लहान चुका मात्र वाचनयंत्र आपोआप दुरुस्त करत राहते. चुका दुरुस्तीच्या मर्यादेपलीकडे गेल्या की चित्र एकाएकी हातचे जाते. आणि तबकडी टिकली, तरी आज बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये ती वाचणारे यंत्रच नसते.

तेव्हा शाळेच्या स्नेहसंमेलनाची, जुन्या शिक्षकांची छायाचित्रे एकाच तबकडीच्या भरवशावर ठेवू नयेत. निदान तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. वर्षातून एकदा उघडून पाहावे आणि काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवावे. वरचे गणित मात्र अकरावीच्या वर्गात जरूर करून घ्यावे. वेष्टनावरचा आकडा वाचताना ‘कोणत्या परिस्थितीत?’ असे विचारण्याची सवय त्यातून लागेल.