इंदिरेचा नकार

बंगळुरूचे गांधीनगर ही कन्नड चित्रव्यवसायाची पेठ. तेथे ‘बेळ्ळी मोड’ (१९६७) हे नाव आजही आदराने घेतले जाते. मराठी रसिकाला मात्र हा चित्रपट जवळजवळ अपरिचित आहे. पुट्टण्ण कणगाल यांनी दिग्दर्शिलेला हा पहिला कन्नड चित्रपट असून, १९६३ साली अकाली निवर्तलेल्या त्रिवेणी यांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. शीर्षकाचा अर्थ रुपेरी ढग. मराठी कानाला ‘मोड’ या शब्दात काही मोडल्याचा भास व्हावा, हा योगायोगही कथेशी विसंगत नाही.

चिकमगळूरच्या डोंगरातील श्रीमंत मळेवाल्याची एकुलती कन्या इंदिरा. तिच्या पित्याच्या द्रव्यावर मोहन परदेशी शिकावयास जातो. विवाह ठरलेला असतो. पुढे तिच्या प्रौढ मातेला पुत्र होतो. वारस आला हे कळताच मोहन लग्न मोडतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने, मृत्युपत्र नसल्यास, पित्याच्या स्वतंत्र मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला होता. परंतु मोहनच्या हिशेबात कायदा नाही, रूढी आहे.

मोहनला खलपुरुष ठरवून मोकळे होणे सोपे आहे. चित्रपट तसे होऊ देत नाही. धुके, उतार, झाडी यांवर कॅमेरा इतका लुब्ध होतो, आणि ज्यांच्या घरची बोली मराठी होती त्या बेंद्र्यांची पहाटेची कविता त्या दृश्यांना असा सूर देते, की प्रेक्षकाच्या मनातही त्या भूमीचा लोभ उपजतो. मोहनला हवी असते ती हीच भूमी. इंदिरेची अभिलाषा आणि मोहनची हाव एकाच निसर्गात इतक्या मिसळून जातात की त्या वेगळ्या करणे तिलाही सुचत नाही.

अपघातानंतर ती त्याची शुश्रूषा करते. आता तो खरोखरच तिच्यावर अनुरक्त होतो, आणि ती नाही म्हणते. ‘कुंकू’मधील नीरेची सुटका अखेर वृद्ध पतीच्या आत्महत्येने होते, लेखकाने तिच्यासाठी दार उघडलेले असते. इंदिरेला असे साहाय्य नाही. तिची ओढ सरलेली आहे असेही दिसत नाही. कल्पना यांचा अभिनय इतरत्र थोडा उंच स्वरात जातो. या प्रसंगी मात्र तो आवरलेला आहे, आणि त्यामुळेच त्या नकारात सूडाचा लवलेशही उरत नाही.