उरलेले अर्धे सत्य

श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून गोविंद निहलानी यांनी १९८३ साली ‘अर्धसत्य’ हा चित्रपट काढला. पटकथा विजय तेंडुलकरांची. ओम पुरींनी उभा केलेला फौजदार अनंत वेलणकर आजही डोळ्यांपुढून हलत नाही. बापाच्या धाकाने पोलिसात आलेला, वरिष्ठांच्या लाचारीने गुदमरलेला हा माणूस खरा आहे, आणि त्याची आजवर झालेली वाखाणणी अस्थानी नाही. तरीही या चित्रपटाविषयी माझी एक तक्रार आहे.

वेलणकर कोठडीतल्या एका भुरट्या चोराला इतके मारतो की तो मरतो. चित्रपटाच्या लेखी हा मृत्यू म्हणजे नायकाच्या अधःपाताची एक पायरी. यापुढे आपल्या जिवाला घोर लागतो तो वेलणकर सुटेल की नाही याचा! मदतीसाठी तो रामा शेट्टीच्या दारी जातो, अपमानित होतो, त्या गुंडाचा गळा आवळतो आणि स्वतः ठाण्यात हजर होतो. आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. पण गुंडाच्या खुनाची कबुली देणाऱ्या या फौजदाराला त्या चोराचा जाब कोणी विचारायचा? त्याची आई कोण, बायको कोण, हे विचारावे असे आपल्याही मनात येत नाही. एका खुनाच्या आड दुसरा खून झाकला जातो.

हा दोष केवळ कलेचा असता, तर मी एवढे लिहिले नसते. पोलिसांवरचे खटलेही नेमके इथेच अडतात. कोठडीला भिंती चार आणि साक्षीदार सगळे खाकीतले. पोलीस आपल्या बांधवाविरुद्ध सहसा तोंड उघडत नाहीत, हे मध्य प्रदेशातल्या एका खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेच १९९५ साली नमूद केले आहे. त्याआधी दहा वर्षे, १९८५ साली, विधि आयोगाने एक साधा उपाय सुचवला होता: कोठडीतल्या माणसाला इजा झाली, तर ती पोलिसांनीच केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे. ते गृहीतक चुकीचे असल्यास पोलिसांनी तसे दाखवून द्यावे. ही सूचना कायद्यात अद्याप उतरलेली नाही. म्हणजे कायद्याची नजरही ‘अर्धसत्य’च्या कॅमेऱ्यासारखी पोलिसाच्याच बाजूने लावलेली आहे.

या नजरेची जागा बदलली, ती २०२१ साली टी. जे. ज्ञानवेल यांच्या ‘जय भीम’ या तमिळ चित्रपटाने. त्याला तामिळनाडूतल्या १९९३ च्या एका खऱ्या प्रकरणाचा आधार आहे. इथे कथा चालते ती कोठडीत नाहीशा झालेल्या माणसाच्या बायकोच्या, सेंगेनीच्या पायांनी. कैदी पळून गेले, असे पोलीस सांगतात. ‘माणूस कोर्टापुढे हजर करा’ अशा अर्जापासून एकेक जबानी उलटतपासत सत्य वर येते. मारहाणीची दृश्ये नको इतकी लांबली आहेत, वकीलही जरा देवमाणूसच झाला आहे. कलाकृती म्हणून ‘अर्धसत्य’ अधिक बांधीव आहे, हे मी मान्य करीन. पण सेंगेनीला खटला मागे घेण्यासाठी पैसे देऊ केले जातात आणि ती ते नाकारते, तेव्हा जे कळते ते वेलणकरच्या साऱ्या तगमगीतून कळत नाही. मेलेल्याचे कोणीतरी असते, आणि न्याय मागण्याचा पहिला हक्क त्याचा असतो.

दिवाळीच्या सुट्टीत घरची मंडळी चित्रपट पाहायला एकत्र बसतील, तेव्हा हे दोन्ही पाहावेत, ‘अर्धसत्य’ आधी आणि ‘जय भीम’ नंतर. पडद्यावरचा शूर फौजदार कोणाला बडवू लागला की आपण टाळ्या देतो. त्या टाळ्यांत आपली मुलेही सामील असतात. मार खाणारा कोण, आणि त्याचा गुन्हा शाबीत केला कोणी, एवढा प्रश्न जरी त्यांच्या मनात उमटला, तरी उरलेले अर्धे सत्य घरी पोचले असे मी समजेन.