ठशाखालचे मुख

नाण्यास आपण इतिहासाचा निःपक्षपाती साक्षीदार मानतो. प्रशस्तीत कवीची अतिशयोक्ती असेल, बखरीत पक्षाभिमान असेल. पण नाणे खोटे बोलणार नाही, अशी आपली समजूत. ती तपासून पाहण्याजोगी आहे. नाणे पाडविणारा राजाच असतो, आणि प्रजेच्या हाती नित्य फिरणारी ती त्याची प्रशस्तीच होय.

नाशिक जिल्ह्यातील जोगलथेंबी येथे १९०६ साली चांदीची सुमारे १३,२५० नाणी सापडली. ती सारी मूळची क्षहरात नहपानाची; परंतु त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला आहे. नहपानाच्या मुखावर टेकडीचे चिन्ह आणि सभोवार विजेत्याचे नाव! पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षी नाशिकच्या लेण्यात कोरलेला गौतमी बलश्रीचा लेखही सांगतो की, तिच्या पुत्राने क्षहरात वंश निर्मूल केला. लेखास नाण्याचा दुजोरा मिळाला, असे म्हणून आपण संतुष्ट होतो.

परंतु ही दोन्ही वचने एकाच राजघराण्याची आहेत. वादीने आपलीच हकीकत दोनदा सांगितली म्हणून साक्षीदार दोन होत नाहीत. सातकर्णीचा जय खोटा, असे आमचे म्हणणे नाही. तो किती पूर्ण होता, हे ठशाखाली पाहावे. कित्येक नाण्यांवर नहपानाचे मुख व ग्रीक अक्षरे अद्याप डोकावतात. विजेत्याने ही नाणी वितळविली नाहीत. सातवाहनांचे नित्याचे चलन बहुतांशी शिशाचे व तांब्याचे होते. चांदीच्या व्यवहारात त्यांस शत्रूचेच नाणे, त्याच्या मूळ वजनासह, चालू ठेवावे लागले.

पुढची गोष्ट याहून बोलकी आहे. भिवंडी तालुक्यातील अंबाडीहून पश्चिमेस, वसईच्या बाजूला असलेले सोपारा हे प्राचीन काळचे प्रख्यात बंदर. तेथील स्तूपात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांस यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. त्यावर राजाचे मस्तक आहे, आणि ते दाखविण्याची रीत क्षत्रपांची! ज्या मुखावर पूर्वजाने घाव घातला, त्याच धर्तीचे मुख वंशजाने स्वतःसाठी पत्करले.

तेव्हा नाण्यावरील राजाचे नाव वाचून थांबू नये. नाव राजाच्या इच्छेने बदलते. धातू, वजन आणि घडण यांस व्यापाऱ्याचा विश्वास लागतो. तेथे विजेत्यासही जिताचे ऋण घ्यावे लागले, आणि बलश्रीच्या लेखाने न सांगितलेली ही गोष्ट तिच्या पुत्राच्याच नाण्यांनी जपून ठेवली आहे.