दाव्याच्या स्थितिसूचनेची भाषा

कर्मचारी भविष्य निर्वाह निधीची योजना १९५२ साली अमलात आली, त्यानंतर कित्येक वर्षे आपल्या दाव्याचे काय झाले हे जाणण्यासाठी सभासदाला कचेरीच्या खिडकीपाशी उभे राहावे लागे. आज तो भ्रमणध्वनीच्या पडद्यावर विचारणा करतो व त्यास ‘अंडर प्रोसेस’, ‘सेटल्ड’ किंवा ‘रिजेक्टेड’ यांपैकी एक उत्तर मिळते. खिडकीमागील कारकून तुसडा असला तरी पूर्ण वाक्यात बोलत असे. पडद्यावरील सूचना मुळी वाक्यच नव्हे, हा प्रस्तुत टिपणातील मुख्य आक्षेप आहे.

‘सेटल्ड’ हा शब्द विशेष विचारार्ह आहे. त्यास मराठी प्रतिशब्द योजू गेल्यास कचेरीतील ‘निकाली’ हाच प्रथम सुचतो. परंतु अर्ज मंजूर करूनही निकाली निघतो आणि फेटाळूनही. कचेरीच्या लेखी दोहोंत फारसा भेद नाही, कारण दोन्ही प्रसंगी कागद मेजावरून हलतो. दावेदाराच्या लेखी तो भेद म्हणजेच सर्व काही. इंग्रजी शब्दातून मंजुरी सूचित होते हे खरे, तथापि रक्कम खात्यात जमा झाली असे त्यानेही सिद्ध होत नाही. खाते क्रमांक चुकल्यास रक्कम परत जाते. आणि घरच्या आजारपणासाठी अग्रिम मागणारा सभासद ‘सेटल्ड’ वाचून निर्धास्त बसलेला असतो. उलटपक्षी ‘रिजेक्टेड’ हा शब्द अखेरचा नकार भासतो. वस्तुतः पुष्कळदा नावात तफावत असणे एवढेच कारण असते, व दुरुस्तीनंतर दावा पुन्हा करता येतो.

केवळ मराठीकरणाने हा दोष जाणार नाही. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषा सिद्ध केली, पण परिभाषा म्हणजे वाक्य नव्हे. ‘आपल्या दाव्यावर कार्यवाही करण्यात येत आहे’ या वाक्यात ‘-ण्यात येणे’ ही रचना कर्त्याचा लोप करते. कोण करीत आहे, केव्हापर्यंत, दावेदाराने काही करावयाचे आहे काय, यांपैकी काहीच कळत नाही. योजनेत परिपूर्ण दाव्यासाठी २० दिवसांची मुदत घालून दिली आहे. ती सूचनेत लिहिण्यास अडचण भाषेची खचित नसावी!

अंध वाचकाचा प्रश्न याहून निराळा नाही. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या २.१ या आवृत्तीत (२०१८) स्थितिसूचनांसाठी ४.१.३ हा स्वतंत्र निकष आहे : सूचना उमटताच, वाचकाला आपली जागा न सोडता, ती वाचक-प्रणालीद्वारे कळावी. अर्थ केवळ रंगाने सांगू नये हा निकष त्याहून जुना. दोन्ही आवश्यकच, परंतु त्यांनी उच्चाराची हमी मिळते, अर्थाची नव्हे. ‘अंडर प्रोसेस’ मोठ्याने वाचून दाखविल्यास ऐकणारा पाहणाऱ्याइतकाच अंधारात राहतो.

लघुसंदेशात जागा नसते, असे यावर म्हटले जाईल. रोमन लिपीत एका संदेशात १६० चिन्हे मावतात, देवनागरीत ७० च, हे मान्य. तरीही पुढील वाक्ये त्या मर्यादेत बसतात : ‘दावा मंजूर, रक्कम बँकेकडे पाठविली. ३ दिवसांत जमा न झाल्यास कळवा.’ मोजून ६४.