ययातीची हजार वर्षं

चंडीगढच्या सेक्टर ३२ मध्ये सनातन धर्म कॉलेज आहे आणि सरकारी मेडिकल कॉलेजचं मोठं रुग्णालयही. तारुण्य आणि जरा एकाच सेक्टरात! ययातीची कथा वाचायला याहून सोयीची जागा कुठली? वि. स. खांडेकरांची 'ययाति' हिंदी अनुवादातून उत्तरेत कधीच पोचली आहे. मराठी कादंबरीनं सुखाचा आणि जगण्याच्या अर्थाचा प्रश्न कसा हाताळला हे पाहायचं, तर सुरुवात तिच्यापासूनच करावी लागते.

कादंबरी १९५९ ची. १९६० मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४ साली खांडेकरांमुळे मराठीला पहिलं ज्ञानपीठ. राजा ययाती, त्याची राणी देवयानी आणि प्रेयसी शर्मिष्ठा आपापल्या तोंडून आपली बाजू मांडतात, ही रचना आजही ताजी वाटते. तक्रार वेगळी आहे: खांडेकर ययातीला धड भोगू देत नाहीत. पेला ओठाला लागतो न लागतो तोच पश्चात्ताप दारात उभा. महाभारतातला ययाती आपल्या मुलाचं, पुरूचं तारुण्य घेऊन हजार वर्षं मनसोक्त भोगतो आणि मग सांगतो, की उपभोगानं वासना शमत नाही. त्या बोलण्याला हजार वर्षांच्या अनुभवाचं वजन आहे. खांडेकरांनी वर्षं गाळली आणि निष्कर्ष तेवढा ठेवला. शिवाय समजूत घालायला तपस्वी कच आहेच. गिरीश कार्नाडांनी १९६१ च्या कन्नड नाटकात पुरूच्या बायकोला, चित्रलेखेला पुढे आणलं. बापाचं म्हातारपण मुलानं घेतलं, पण ते चित्रलेखेनं का सोसायचं? ती जीव देते आणि तत्त्वचर्चेची बोलतीच बंद होते.

मराठी मातीला सुखाचं वावडं मुळात नव्हतं. हालाच्या 'गाथासप्तशती'तल्या गोदाकाठच्या बायका शृंगाराबद्दल कुणाची क्षमा मागत नाहीत. राम जोशी, होनाजी बाळा यांच्या लावण्याही नाहीत. ज्ञानेश्वरांनी तर 'अमृतानुभवा'चा आरंभच शिवशक्तीच्या दांपत्यप्रेमानं केला. अर्थाचा शोध तिथे आनंदाच्या आड येत नाही. पुढे कादंबरीनं बोधाचा वसा घेतला आणि नायकाचं सुख संशयित ठरलं. 'कोसला'नं (१९६३) उपदेशाला हाकललं खरं, पण तिचा नायक पांडुरंग सांगवीकर याच्या हाती अर्थ लागला नाही आणि सुख म्हणावं असंही फारसं काही नाही.

कोंडी फोडली ती लेखिकांनी. गौरी देशपांडे यांचं 'एकेक पान गळावया', मेघना पेठे यांची 'नातिचरामि' इथे स्त्रीची इच्छा आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर येते. ती विचार करते, हुज्जत घालते, चुकते, पण शिक्षा मागत नाही. शर्मिष्ठेच्या वाट्याला आलेला त्याग या नायिकांनी घेतला नसता.

पौराणिक कादंबऱ्यांना आजही तोटा नाही. पण ऐन तारुण्यात बापाचं म्हातारपण अंगावर घेतलेल्या पुरूनं ती हजार वर्षं कशी काढली, त्याला कधी काही हवंसं वाटलं का, हे विचारणारी मराठी कादंबरी माझ्या वाचनात तरी आलेली नाही.