'मानवी' या विशेषणाची चिकित्सा : बीटा-२ ॲड्रेनर्जिक ग्राहीच्या २००७ मधील संरचनेच्या संदर्भात

बीजसंज्ञा : पुनःसंयोजित प्रथिन, पेशीपटल, ग्राही, स्फटिकरचना

प्रस्तावना

प्रयोगशाळेसाठी मिळणाऱ्या पुनःसंयोजित प्रथिनाच्या कुपीवर 'मानवी' हे विशेषण छापलेले असते आणि प्रबंधांतून ते जसेच्या तसे उतरवले जाते. हे विशेषण नेमके कशाचे आहे? जनुकाच्या उगमाचे, की हाती आलेल्या रेणूच्या स्वरूपाचे? पेशीपटलातील प्रथिनांच्या बाबतीत या दोहोंतील अंतर बरेच मोठे असू शकते. 'सायन्स' या नियतकालिकात नोव्हेंबर २००७ मध्ये वादिम चेरेझोव्ह व सहकाऱ्यांनी मांडलेल्या बीटा-२ ॲड्रेनर्जिक ग्राहीच्या संरचनेच्या आधारे या अंतराची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संरचनेचे महत्त्व

हा ग्राही ॲड्रेनॅलिनला प्रतिसाद देतो. दम्यावरील साल्ब्युटामोल हे औषध याच ग्राहीवर कार्य करते. या कुळातील पहिली स्फटिकरचना २००० साली प्रसिद्ध झाली. ती बैलाच्या डोळ्यातील ऱ्होडॉप्सिनची होती. ऱ्होडॉप्सिन डोळ्यात विपुल असते, इतर ग्राही मात्र पेशीत अत्यल्प असतात. त्यामुळे पुनःसंयोजनाखेरीज पर्याय नव्हता. २.४ अँगस्ट्रॉम इतक्या सूक्ष्मतेची ही मानवी ग्राहीची रचना म्हणूनच मैलाचा दगड ठरली. रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या ग्राहीकुळावरील कार्यासाठीच मिळाले.

रेणूचे प्रत्यक्ष स्वरूप

या ग्राहीत ४१३ अमिनो आम्ले असतात. स्फटिकासाठी वापरलेल्या रेणूची शेपटी ३६५ व्या आम्लानंतर कापलेली होती. पेशीच्या आतील बाजूचा तिसरा लवचीक पाश स्फटिकीभवनात अडथळा आणत होता; तो काढून त्याच्या जागी टी-४ या जिवाणूभक्षी विषाणूचे लायसोझाइम जोडण्यात आले. शर्करासाखळी जोडली जाण्याचे १८७ व्या स्थानावरील एक ठिकाण बदलण्यात आले. प्रथिनाची निर्मिती स्पोडोप्टेरा फ्रुगिपर्डा या पतंगाच्या पेशींत झाली. मक्यावर पडणारी ही लष्करी अळी २०१८ पासून आपल्या शेतकऱ्यांनाही परिचित आहे. कीटकपेशी प्रथिनाला ज्या शर्करासाखळ्या जोडतात त्या मानवी पेशींतील साखळ्यांहून वेगळ्या असतात, तर कीटकपेशींच्या पटलातील कोलेस्टेरॉलचे प्रमाणही कमी असते. शिवाय ग्राही स्थिर राहावा म्हणून त्याला कॅराझोलोल या रोधक औषधाशी बांधून ठेवले होते.

चिकित्सा

या बदलांत लपवाछपवी नव्हती, हे प्रथम नोंदवले पाहिजे. त्याच अंकातील डॅनियल रोझेनबॉम व सहकाऱ्यांच्या लेखात बदललेल्या रेणूची परीक्षाही दिली आहे. रोधक औषधांशी त्याचे बंधन मूळ ग्राहीप्रमाणेच होते. उद्दीपकाशी मात्र ते दोन ते तीन पटींनी अधिक घट्ट होते. पेशीतील संदेश पुढे नेणाऱ्या जी-प्रथिनाशी तो जोडला जात नव्हता. म्हणजे ज्या कार्यामुळे ग्राहीला ग्राही म्हणावयाचे, तेच कार्य या रेणूत उरले नव्हते.

याचा परिणाम अर्थनिर्णयावरही झाला. निष्क्रिय ऱ्होडॉप्सिनमध्ये तिसऱ्या व सहाव्या सर्पिलांदरम्यान आढळणारे 'आयनिक कुलूप' या रचनेत उघडे दिसले. हे ग्राहीचे वैशिष्ट्य मानावे, की जोडलेल्या लायसोझाइमचा परिणाम? रॉन ड्रॉर व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये केलेल्या संगणकीय अनुकरणांत निष्क्रिय ग्राहीचे हे कुलूप बहुतांश काळ बंद राहते, असे दिसून आले. पुढे २०११ मध्ये जी-प्रथिनासह संरचना मिळवताना लायसोझाइम पेशीबाहेरील टोकाला जोडण्यात आले व आतील बाजू जी-प्रथिनासाठी मोकळी ठेवण्यात आली. २००७ च्या रेणूची मर्यादा संशोधकांनी कशी ओलांडली, हे यावरून कळते.

तेव्हा दोष मूळ संशोधनाचा नसून आपल्या वाचनाचा आहे. वर्गात दाखवल्या जाणाऱ्या चित्रातून लायसोझाइम बहुधा पुसलेले असते आणि चित्राखाली फक्त 'मानवी ग्राही' एवढेच उरते. विद्यार्थी तेच खरे मानतो. पुढे कुपीतील प्रथिनाशी एखाद्या वनस्पतीअर्काचे बंधन आढळले, की 'मानवी ग्राहीवर परिणाम' असा निष्कर्ष तो सहज लिहून मोकळा होतो. बंधन म्हणजे कार्य नव्हे, हा भेद तेथे हरवतो.

निष्कर्ष

पुनःसंयोजित प्रथिनाच्या संदर्भात 'मानवी' हे विशेषण अमिनो आम्लांच्या क्रमाचा उगम सांगते. रेणूची अखंडता, त्याची शर्करासाखळी, त्याच्या भोवतीचे मेद किंवा त्याचे कार्य यांची हमी ते देत नाही. म्हणून लघुसंशोधन प्रकल्पांत व प्रबंधांत प्रथिनाचा कोणता भाग, कोणत्या पेशीत, कोणत्या बदलांसह तयार केला आणि त्याचे कार्य तपासले होते काय, याची नोंद पद्धतीच्या प्रकरणात अनिवार्य असावी. मार्गदर्शकाने स्वाक्षरीपूर्वी ही नोंद मागितली, तरी पुष्कळ अवाजवी निष्कर्ष टळू शकतील.